डॅन्यूबवरची नदीसफर, पासाऊ ते बुडापेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कराडची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर लहानपण गेलं, त्यामुळे कुठल्याही नव्या गावात पाऊल ठेवलं की आधी नदी कुठे आहे ते विचारते. डॅन्यूबवरून दोनदा गेले. पहिल्यांदा प्रवाहाबरोबर, जर्मनीतल्या पासाऊहून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन उलट्या दिशेने. तेव्हापासून ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नदीवरची क्रूझ म्हणजे समुद्रावरच्या क्रूझचीच छोटी आवृत्ती का?

नाही, हा प्रकारच वेगळा आहे. समुद्रातल्या जहाजावर हजारो माणसं असतात आणि दिवसचे दिवस पाण्याशिवाय काही दिसत नाही. नदीवरचं जहाज साधारण १३५ मीटर लांब आणि फक्त ११.४ मीटर रुंद असतं. प्रवासी दीडशे ते एकशे नव्वद. दोन्ही काठ सतत नजरेच्या टप्प्यात असतात: सायकलवाले, गळ टाकून बसलेले आजोबा, वाळत घातलेले कपडे, चर्चचे मनोरे.

जहाज इतकं अरुंद का, यालाही कारण आहे. १९९२ साली ऱ्हाईन-माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला. जर्मनीतला हा १७१ किलोमीटरचा कालवा झाल्यापासून उत्तर समुद्रातून निघालेलं जहाज युरोप ओलांडून काळ्या समुद्रापर्यंत जाऊ शकतं. पण कालव्यातल्या लॉकची (जहाजाला वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, त्यांच्याबद्दल पुढे) रुंदी १२ मीटर आणि वरचे पूल ठेंगणे. म्हणून ही जहाजं लांबुळकी, तीन मजल्यांपेक्षा उंच नसलेली. पूल आला की कॅप्टनची केबिनसुद्धा खाली सरकवता येते आणि वरच्या डेकवरच्या लोकांना खाली बोलावतात.

रात्रीचे मोठे कार्यक्रम, कॅसिनो, पोहण्याचे भव्य तलाव हवे असतील तर ही सफर तुमच्यासाठी नाही. इथे संध्याकाळी एखादा पियानो वाजतो आणि दहा-साडेदहाला सगळं शांत होतं.

बोट लागते का?

नाही. नदी संथ असते, लाटा नसतात. माझ्या आईला एसटीतसुद्धा मळमळतं. तिला सात दिवसांत एकदाही गोळी घ्यावी लागली नाही.

हाच मार्ग का? ऱ्हाईन किंवा सेन का नको?

त्याही सुंदर आहेत. पण पासाऊ ते बुडापेस्ट या सुमारे ५८० किलोमीटरमध्ये चार देश (जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी) आणि दोन हजार वर्षांचा इतिहास एका धाग्यात ओवलेला मिळतो. डॅन्यूब ही रोमन साम्राज्याची उत्तर सीमा होती. तिच्याच काठाने लोक धर्मयुद्धांना गेले, तिच्याच काठाने ऑटोमन फौजा व्हिएन्नापर्यंत आल्या, आणि विसाव्या शतकात साम्यवादी पूर्व आणि पश्चिम युरोप तोडणाऱ्या लोखंडी पडद्याची रेघ हिच्यावरूनच गेली. एकूण २,८५० किलोमीटर लांबीची ही नदी दहा देशांना स्पर्श करते. जगातली दुसरी कुठलीही नदी इतक्या देशांतून जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते.  डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून नाही, तर मुखापासून, म्हणजे काळ्या समुद्राकडून वर मोजतात. काठावर पाट्या दिसत राहतात: व्हिएन्ना १९२९च्या आसपास, ब्रातिस्लाव्हा १८६९च्या आसपास, बुडापेस्ट १६४७. आकडे उतरत जातात आणि समुद्र अजून किती दूर आहे ते डेकवर बसल्या बसल्या कळतं.

प्रवाहाबरोबर जावं की उलट?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते हाच सर्वात महत्त्वाचा आहे.

प्रवाहाला वेग आहे. ऑस्ट्रियातल्या मेल्क ते क्रेम्स या गावांमधला वाखाऊ खोऱ्याचा पट्टा साधारण ३६ किलोमीटरचा. दिवसाच्या प्रवासी बोटींना तो उतरताना पावणेदोन तासांच्या आसपास लागतात आणि चढताना जवळजवळ तीन. म्हणजे संपूर्ण मार्गावरचा सर्वात देखणा भाग उलट दिशेने गेलात तर दीडपटीहून जास्त वेळ डोळ्यांसमोर राहतो. आई-बाबांबरोबर मी मुद्दाम बुडापेस्टहून निघाले ते याचसाठी. बाबा वाखाऊत सकाळी जे डेकवर जाऊन बसले ते जेवणाची घंटा झाली तरी उठेनात.

प्रवाहाबरोबर जाण्याचा फायदा वेगळा. सफरीचा शेवट बुडापेस्टला होतो आणि रात्री दिव्यांनी उजळलेल्या त्या शहरात जहाजाने शिरणं हा अनुभव शेवटी आला तर तो बरोबर घेऊन घरी जाता येतं.

दिशा कुठलीही घ्या, पण बुकिंगच्या आधी एक प्रश्न विचारा: वाखाऊचा पट्टा दिवसा उजेडी पार होतो का? काही वेळापत्रकांत जहाज तिथून रात्री जातं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएन्नाला पोचायचं असतं. पत्रकावर मेल्क आणि ड्युर्नस्टाइन या वाखाऊतल्या दोन्ही गावांची नावं असतात, पण मधली नदी झोपेत निघून जाते. अशी सफर घेऊ नका. बाकी कशाशीही तडजोड करा, हिच्याशी नको.

पासाऊला सगळे फक्त जहाजात चढायला जातात. तिथे बघण्यासारखं काही आहे का?

एक दिवस आधी पोचा. पासाऊला तीन नद्या भेटतात: डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्सचं पाणी घेऊन येणारी इन आणि उत्तरेकडची छोटी इल्झ. इनचं पाणी हिरवट-राखाडी, डॅन्यूबचं त्याहून गडद आणि पाणथळ जंगलातून येणाऱ्या इल्झचं जवळजवळ काळं. शहराच्या टोकाला उभं राहिलं, किंवा समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर गेलं, की तिन्ही रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होतात. इथे तिघी एकमेकींना जागा देत हळूहळू मिसळतात. वर्षभराची सरासरी काढली तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, तरी पुढे नाव डॅन्यूबचंच राहतं. मी त्या टोकावर तासभर बसले होते.

जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या रेघा आणि वर्षं कोरलेली आहेत. जून २०१३ची रेघ बघा. तेव्हा पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचा सर्वात मोठा पूर. २०१९चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या भिंतीसमोर काही समजावून सांगावं लागत नाही.

सेंट स्टीफन कॅथेड्रलमधला ऑर्गन जवळपास १८ हजार नळ्यांचा आहे. वादनाच्या वेळा आधी बघून ठेवा.

लॉक म्हणजे नेमकं काय? रात्री आवाज येतो का?

पासाऊ आणि बुडापेस्ट यांच्या पाण्याच्या पातळीत सुमारे दोनशे मीटरचा फरक आहे. वाटेत जलविद्युत केंद्रांचे बंधारे आहेत आणि प्रत्येक बंधाऱ्यापाशी जहाजाला एक पायरी उतरावी किंवा चढावी लागते. ही पायरी म्हणजे लॉक: दोन्ही टोकांना दरवाजे असलेला काँक्रीटचा लांबलचक हौद. उतरताना जहाज भरलेल्या हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी खालच्या अंगाला सोडतात, जहाज पाण्याबरोबर खाली जातं आणि पुढचा दरवाजा उघडतो. चढताना याच्या उलट. पंप कुठेच नाही. पाणी आपल्याच वजनाने वरून खाली जातं आणि तेवढ्यावर हजारो टनांची जहाजं चढतात-उतरतात.

या मार्गावर अशा अकरा पायऱ्या आहेत. ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं योखेनश्टाइन ही पहिली, आणि ब्रातिस्लाव्हाच्या पुढचं गाब्चिकोव्हो ही शेवटची आणि सर्वात खोल. गाब्चिकोव्होचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटेल. धरण दोन देशांनी मिळून बांधायचं ठरलं होतं, हंगेरीने पर्यावरणाच्या चिंतेने हात काढून घेतला, स्लोव्हाक बाजूने १९९२मध्ये नदी वळवून काम पुढे नेलं आणि वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९९७मध्ये निकाल लागला. नदीचं पाणी कुणाचं हा प्रश्न कृष्णेकाठच्या माणसाला नवा नाही.

या मार्गावरचे लॉक किमान २४ मीटर रुंद, त्यामुळे दोन जहाजं शेजारी शेजारी मावतात. एक लॉक पार करायला वीस मिनिटं ते अर्धा तास, रांग असली तर जास्त. रात्री मधूनच जहाज थांबल्याचा आणि कडेला हलकं घासल्याचा आवाज येतो, खिडकीबाहेर एकदम ओली काळी भिंत दिसते. पहिल्या रात्री माणूस दचकतो, म्हणून आधी सांगितलं. एखादा लॉक तरी दिवसा, डेकच्या पुढच्या टोकाला उभं राहून बघा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हाच भाग सर्वात जास्त आवडतो.

वाखाऊमध्ये एवढं काय आहे?

डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना डोंगर, उतारावर द्राक्षांच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्या धरून ठेवणाऱ्या दगडी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. कोकणातले गडगे आठवतात. या भिंती शेकडो वर्षं माणसांनी हातांनी रचल्या आणि दुरुस्त केल्या आहेत. २०००मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारसा म्हणून नोंदवलं.

इथे नदी मोकळी वाहते, बंधारा नाही. बंधाऱ्याचा प्रस्ताव होता, लोकांनी विरोध केला आणि तो मागे पडला. व्हिएन्नाच्या पुढे हाइनबुर्गलाही तसंच झालं. डिसेंबर १९८४मध्ये हजारो लोक कडाक्याच्या थंडीत नदीकाठच्या जंगलात तळ ठोकून बसले, वीज प्रकल्प थांबला आणि १९९६मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा जाताना दोन्ही बाजूंनी जे हिरवं, झाडं पाण्यात पाय सोडून उभी असलेलं जंगल दिसतं, ते त्या लोकांमुळे आहे. जहाजावरचा गाइड बहुधा हे सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगते.

मेल्कचा मठ १०८९ पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा आहे. आजची पिवळी बरोक इमारत याकोब प्रांटाउअर याने १७०२ पासून उभारायला घेतली. ग्रंथालयात पाऊल टाकल्यावर जुन्या कागदाचा जो वास येतो त्यासाठी तरी आत जा. ड्युर्नस्टाइन हे निळ्या मनोऱ्याचं इवलंसं गाव. वरच्या पडक्या किल्ल्यात ११९२-९३च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. धर्मयुद्धाहून परतताना ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डने त्याला पकडलं आणि त्याच्या सुटकेसाठी आलेल्या खंडणीतला पैसा पुढे व्हिएन्नाच्या तटबंदीला लागला. किल्ल्यावर चढायला अर्धा तास लागतो, चढ खडा आहे, पण तिथून नदीचं जे वळण दिसतं ते दुसरीकडून दिसत नाही.

फळांत इथला राजा जर्दाळू. एप्रिलच्या सुरुवातीला बागा पांढऱ्या-गुलाबी होतात आणि जुलैत फळ येतं. पोटात अख्खा जर्दाळू घालून उकडलेला आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेला गोड गोळा मिळतो. मोदकाच्या माणसाला तो लगेच आपला वाटतो.

माउटहाउझेनला जावं का? सुट्टीत मन जड होईल.

जड होतंच. लिंझजवळ नदीच्या वरच्या टेकडीवर नाझींनी १९३८मध्ये ही छळछावणी सुरू केली. कैद्यांकडून ग्रॅनाइटच्या खाणीत काम करून घेत, १८६ पायऱ्यांवरून दगड वाहायला लावत. सुमारे १ लाख ९० हजार माणसं या छावणीच्या व्यवस्थेत आणली गेली आणि किमान ९० हजार मेली. ५ मे १९४५ला अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली.

बहुतेक सहलींत ही ऐच्छिक फेरी असते. आम्ही गेलो. बाबा त्या पायऱ्यांपाशी काही बोलले नाहीत, रात्री जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "खालून नदी तशीच वाहत होती ना गं तेव्हाही." माझं मत: जा. लहान मुलांना नेऊ नका.

व्हिएन्नात जहाज शहराच्या मध्यात थांबतं का?

थांबत नाही, आणि बऱ्याच जणांचा तिथे हिरमोड होतो. पुराला कंटाळून शहराने १८७० ते १८७५ या काळात नदीला सरळ नवं पात्र खणून दिलं. जुना शहरभाग त्यापासून आत राहिला, त्याच्याजवळून आता फक्त एक कालवा जातो. जहाजं बहुधा राइश्सब्रुके पुलाजवळच्या धक्क्याला लागतात. तिथून फोरगार्टनश्ट्रासे हे मेट्रो स्टेशन चालत जाण्याएवढं जवळ आहे. यू-वन लाइनने चार थांब्यांवर सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या दारात उतरता. कंपनीच्या महागड्या बस-फेरीपेक्षा हे सोपं.

जहाजासमोर जे लांबलचक हिरवं बेट दिसतं ते माणसांनी बनवलेलं आहे. पुराचं पाणी वळवायला १९७२ पासून दुसरं पात्र खणलं आणि त्याच मातीतून २१ किलोमीटरचं बेट उभं राहिलं. संध्याकाळी तिथे जा. व्हिएन्नाची माणसं राजवाड्यात भेटत नाहीत, तिथे भेटतात.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं आणि ते उत्तम आहे.

ब्रातिस्लाव्हाला अर्धा दिवस पुरतो का?

पुरतो. जुनं शहर छोटं आहे. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये झाले, मारिया थेरेसाचा १७४१मध्ये. त्याच्या अगदी अंगाला खेटून मोठा रस्ता जातो. १९७२मध्ये खुल्या झालेल्या पुलासाठी जुन्या ज्यू वस्तीचा मोठा भाग आणि एक सुंदर सिनेगॉग पाडलं गेलं. पुलाच्या माथ्यावरचं तबकडीच्या आकाराचं रेस्टॉरंट बघायला सगळे मान वर करतात. खाली काय होतं तेही माहीत असावं. शहरात शिरण्याआधी मोराव्हा नदीच्या संगमावर देवीनचा किल्ला दिसतो, त्या वेळी डेकवर राहा.

बुडापेस्टबद्दल काय सांगाल?

रात्री जहाजातून बघा आणि दिवसा पायी बघा, दोन्ही. त्याच्या आधी एस्टरगोमची घुमटाची बॅसिलिका आणि विशेग्रादपाशी पूर्वेकडे जाणारी नदी एकदम दक्षिणेला वळते तो भाग येतो, तो चुकवू नका.

बुडा आणि पेस्ट ही दोन शहरं, ओबुडासह ती १८७३मध्ये एक झाली. त्यांना जोडणारा साखळी पूल १८४९चा. जानेवारी १९४५मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहराचे डॅन्यूबवरचे उरलेसुरले पूल उडवून दिले. आज दिसणारे पूल त्यानंतर पुन्हा उभारलेले किंवा नव्याने बांधलेले आहेत. संसद भवन ९६ मीटर उंच आहे. ८९६ हे हंगेरियन लोक या भूमीत आल्याचं वर्ष मानतात, त्यातला हा ९६.

संसदेपासून काठाने दक्षिणेला थोडं चाललं की नदीच्या कडेला साठ जोड लोखंडी बूट-चपला ठेवलेल्या दिसतात. बायकांच्या टाचेच्या, कामगारांच्या, लहान मुलांच्या. १९४४-४५च्या हिवाळ्यात हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या अॅरो क्रॉस पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे काठावर उभं करून, आधी बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. बूट महाग होते, माणसं नव्हती. हे स्मारक २००५चं आहे. जहाजातून ते नीट दिसत नाही, उतरून चालत जावं लागतं. आई तिथे खाली बसली आणि एका छोट्या बुटात तिने वाटेत घेतलेलं फूल ठेवलं.

चित्रांची आवड असेल त्यांच्यासाठी: अमृता शेरगिल १९१३मध्ये याच शहरात जन्मली.

डॅन्यूब खरंच निळी आहे का?

बहुतेक वेळा हिरवट किंवा मातकट. योहान श्ट्राउसच्या १८६७च्या वॉल्ट्झमुळे निळी हे विशेषण चिकटलं. पहाटे, आकाश स्वच्छ असेल तेव्हा, काही मिनिटं निळी दिसते.

कोणत्या महिन्यात जावं?

मला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस आवडतात. द्राक्षांची तोडणी चालू असते, पानं पिवळी होत असतात. एप्रिलमध्ये फुलं, पण गारठा. जुलै-ऑगस्ट गरम आणि गर्दीचे. नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळच्या बाजारांच्या सफरी निघतात. त्या सुरेख असतात, पण साडेचारलाच अंधार पडतो आणि नदी बघायची राहून जाते. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिना सोयीचा वाटतो. तेव्हा जायला हरकत नाही, मात्र आल्प्समधला बर्फ वितळून मे-जूनमध्ये पाणी चढतं हे लक्षात ठेवा.

पाणी कमी किंवा जास्त झालं तर?

जास्त झालं तर पुलाखालून जहाज जात नाही, कमी झालं तर तळाला लागतं. जर्मनीतला श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा उथळपणासाठी ओळखला जातो, म्हणून पासाऊच्या वर जाणाऱ्या सफरींना धोका जास्त. सप्टेंबर २०२४मध्ये ऑस्ट्रियात मोठा पूर आला तेव्हा नदी वाहतुकीला बंद झाली आणि प्रवासी जहाजं अडकून पडली.

अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेतात, किंवा अडथळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजात बसवतात. आमच्या पहिल्या सफरीत एक पूर्ण दिवस बसमध्ये गेला आणि त्याची भरपाई मिळाली नाही, कारण करारात तसं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. मार्ग बदलल्यास काय मिळतं हे लेखी घ्या आणि विमा घेताना हे कलम त्यात येतं का ते विचारा.

केबिन कोणती घ्यावी?

सर्वात खालच्या मजल्यावर खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते आणि बहुधा उघडत नाही. पण जागे असताना तुम्ही डेकवरच असणार. पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा. फक्त मागच्या टोकाची, इंजिनजवळची केबिन टाळा. 'फ्रेंच बाल्कनी' म्हणजे उघडणारं दार आणि कठडा, बाहेर खुर्ची मावत नाही. शिवाय धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. तेव्हा महागड्या बाल्कनीतून शेजारच्या जहाजाचे पडदे दिसतात आणि काठावर जायला त्यांच्याच लॉबीतून चालत जावं लागतं.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

झेपेल, आणि माझ्या मते या वयाला यापेक्षा सोयीचा युरोप नाही. एकदा बॅग उघडली की सात दिवस बंद करावी लागत नाही. रोज हॉटेल बदलणं नाही, पहाटे पाचला बस नाही. पण तीन गोष्टी आधी तपासा. लिफ्ट अनेक जहाजांत सर्वात खालच्या मजल्यापर्यंत आणि वरच्या डेकपर्यंत जात नाही. जुन्या शहरांतले रस्ते गोट्यांचे आहेत, चपला चालत नाहीत, जाड तळव्याचे बूट हवेत. आणि नदीवरच्या जहाजांत सहसा डॉक्टर नसतो, गाव जवळ असतं म्हणून. नेहमीची औषधं चिठ्ठीसकट दुप्पट घ्या. कंटाळा आला त्या दिवशी उतरू नका असंही त्यांना सांगा. आई एका दुपारी जहाजावरच राहिली आणि तो दिवस तिला सर्वात जास्त आठवतो.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, बुकिंगच्या वेळी लिहून दिलं तर चांगलं मिळतं. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहू नका. अंडं चालतं की नाही, मासे नकोत, मांसाचं पाणी नको, असं एकेक लिहा. ऑस्ट्रियातलं साधं दिसणारं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, हंगेरीत भाजीलाही कधी डुकराची चरबी असते. बाहेर खाताना हंगेरीचा लांगोश हा तळलेला भटुऱ्यासारखा प्रकार, वरून लसूण आणि चीज, बेलाशक खा. जैन जेवणासाठी भारतीय गटाचीच सफर बघा. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बरोबर न्या. भात सगळीकडे असतो.

व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा?

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी हे चारही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहेत, एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे अर्ज. या मार्गावर बहुधा ऑस्ट्रिया येतो, पण बुडापेस्टला पुढे तीन दिवस राहणार असाल तर गणित बदलतं. कंपनीकडून प्रत्येक रात्री जहाज कुठे असेल याचं पत्र घ्या. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, शेवटच्या महिन्यावर टाकू नका. सफर सर्बियापर्यंत जाणारी असेल तर तो देश शेंगेनबाहेर आहे, परत शेंगेनमध्ये येणार असाल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

पैसे: हंगेरीत फोरिंट, बाकी तीन देशांत युरो. कार्ड सगळीकडे चालतं.

क्रूझ परवडत नाही. मग डॅन्यूब बघायचीच नाही का?

असं अजिबात नाही. व्हिएन्नाहून आगगाडीने मेल्कला जा, मठ बघा आणि एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये चालणाऱ्या दिवसाच्या बोटीने क्रेम्सपर्यंत या, संध्याकाळी गाडीने परत. वाखाऊ एका दिवसात आणि क्रूझच्या अगदी छोट्या खर्चात होतं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा ट्विन सिटी लायनर ही वेगवान बोट सव्वा तासात नेते. बुडापेस्टमध्ये संध्याकाळची तासाभराची फेरी घ्या. आणि पाय धड असतील तर पासाऊ ते व्हिएन्ना नदीकाठाने तीनशेहून जास्त किलोमीटरची सायकलवाट आहे, जवळजवळ सपाट. माझी भाची मैत्रिणींबरोबर ती आठ दिवसांत करून आली. तिने पाठवलेल्या फोटोंत नदी माझ्या फोटोंपेक्षा जवळ दिसते.

भारतीय गटाबरोबर जावं की आंतरराष्ट्रीय जहाजावर स्वतंत्र?

आई-बाबांचं इंग्रजी किती चालतं आणि जेवणाचं किती अडतं यावर ठरवा. गटात सोबत आणि ओळखीचं जेवण मिळतं. स्वतंत्र गेलात तर वेळ आपला राहतो. गट निवडलात तर वाखाऊच्या सकाळी जहाजात हाउजीचा खेळ ठेवलेला नाही ना, हे आधी विचारून घ्या. आमच्या शेजारच्या जहाजात तो होता. नदी बाहेर होती आणि पडदे ओढलेले होते.